क्रॅप्सच्या टेबलावरची बोली : नवख्यांसाठी शब्द, डाव आणि हिशोब

लास वेगासच्या कॅसिनोत सगळ्यात मोठा कल्ला जिथून येतो ते टेबल बहुतेक वेळा क्रॅप्सचं, म्हणजे दोन फाशांच्या खेळाचं असतं. मध्ये कापड अंथरलेला लांबट हौद, कठड्याला खेटून बारा-चौदा माणसं, आणि हातात लांब काठी घेतलेला एक कर्मचारी सारखा ओरडत असतो : “यो-लेव्हन!”, “एट द हार्ड वे!”, “सेव्हन आउट, लाइन अवे!” अमेरिकेत मुलांकडे किंवा कामासाठी गेलेली आपली माणसं इथे दहा मिनिटं उभी राहतात आणि काहीच कळत नाही म्हणून स्लॉट मशीनकडे वळतात. खेळ खरं तर सोपा आहे. अडतं ते बोलीपाशी.

या टेबलावर जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे ऑर्डर असते. तुम्ही बोललात की डीलर तुमच्या चिप्स हलवतो. म्हणून शब्द शिकण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी तोंड न उघडता लावता येणारे डाव, मग डीलरला सांगून लावायचे डाव, आणि सगळ्यात शेवटी ती मजेदार टोपणनावं. बहुतेक नवखे नेमकं उलट करतात. ‘यो’ आणि ‘हार्ड एट’ ऐकायला झकास वाटतं, तेच आधी तोंडात बसतं आणि तिथेच पैसे जातात. या खेळात सगळ्यात गमतीशीर नावं सगळ्यात महागड्या डावांना आहेत.

आधी छत्तीसचा हिशोब

दोन फाशांची दानं एकूण ३६ प्रकारांनी पडतात. ७ सहा प्रकारांनी येतो. ६ आणि ८ प्रत्येकी पाच, ५ आणि ९ प्रत्येकी चार, ४ आणि १० प्रत्येकी तीन, ३ आणि ११ प्रत्येकी दोन, तर २ आणि १२ प्रत्येकी एकाच प्रकाराने. एवढं पाठ करा. पुढचा प्रत्येक भाव याच आकड्यांवरून ठरलेला आहे, आणि कोणता डाव महाग हेही यावरूनच कळतं.

‘हाउस एज’ हा शब्द पुढे वारंवार येईल. लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी किती डॉलर कॅसिनोकडे राहतात, तो हा आकडा.

पायरी १ : टेबलाशी जाताना

नेवाडात, म्हणजे लास वेगासच्या राज्यात, खेळायला वय २१ पूर्ण लागतं. ओळखपत्र मागतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. डीलरजवळच्या पाटीवर किमान रक्कम लिहिलेली असते. ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या कॅसिनोंत १५ किंवा २५ डॉलरची पाटी सर्रास दिसते. खालची सगळी उदाहरणं १५ डॉलरच्या टेबलाची आहेत. पाटीवर ‘क्रॅपलेस’ असं लिहिलं असेल तर ते टेबल सोडा. तिथे २, ३ आणि १२ ला पहिल्या फेकीत हरत नाही, पण ११ ला जिंकतही नाही, आणि साध्या डावाचा हाउस एज १.४१ वरून ५.३८ टक्क्यांवर जातो.

टेबलावर चहाच्या बशीहून लहान, गोल चकती दिसेल. तिला ‘पक’ म्हणतात. काळी बाजू वर आणि ‘ऑफ’ लिहिलेलं असेल तर नवी फेरी सुरू व्हायची आहे. पांढरी बाजू, ‘ऑन’, आणि चकती एखाद्या आकड्यावर असेल तर फेरी मध्यावर आहे. नवख्याने पक ‘ऑफ’ असताना आत शिरावं.

टेबलाशी चार माणसं असतात. फासे काठीने सरकवणारा ‘स्टिकमन’, त्याच्या समोर मध्यभागी बसलेला ‘बॉक्समन’ (चिप्सचा साठा आणि वाद त्याच्याकडे), आणि बॉक्समनच्या दोन्ही बाजूंना दोन डीलर. छोट्या कॅसिनोत बॉक्समन नसूही शकतो. टेबलाची दोन्ही टोकं आरशासारखी सारखीच असतात. तुमच्या टोकाचा डीलर तो तुमचा.

पैसे बदलताना एक चूक हमखास होते : नोटा डीलरच्या हातात द्यायला जाणं. तो घेणार नाही. वर लावलेल्या कॅमेऱ्याला प्रत्येक देवघेव दिसली पाहिजे, म्हणून नोटा हातोहात घ्यायला त्यांना मनाई असते. दोन फेकींच्या मधल्या वेळात नोटा त्याच्यासमोर कापडावर ठेवा आणि स्पष्ट म्हणा, “चेंज ओन्ली”. हे दोन शब्द गाळू नका. फासे निघाले असताना नोटा एखाद्या डावाच्या चौकटीत पडल्या तर त्या डाव म्हणून धरल्या जाऊ शकतात. त्याला ‘मनी प्लेज’ म्हणतात.

चिप्सना डीलर ‘चेक्स’ म्हणतात. लाल म्हणजे ५ डॉलर, ‘निकेल’. हिरवी २५ डॉलर, ‘क्वार्टर’. काळी १०० ची. अमेरिकेत नाण्यांच्या हिशोबात निकेल म्हणजे पाच सेंट, इथे मात्र पाच डॉलर. शेजारचा “निकेल यो” म्हणाला तर त्याने पाच डॉलर लावलेत.

पायरी २ : पास लाइन, एक शब्दही न बोलता

कठड्याच्या आतून टेबलाभोवती फिरणारा लांब पट्टा म्हणजे ‘पास लाइन’. पक ‘ऑफ’ असताना १५ डॉलर तिथे स्वतःच्या हाताने ठेवा. आता जी फेक होईल ती ‘कम-आउट’. फासे टाकणारा खेळाडू म्हणजे ‘शूटर’.

कम-आउटला ७ किंवा ११ पडले तर लगेच जिंकलात, लावले तेवढेच मिळतात. याला ‘नॅचरल’ म्हणतात. २, ३ किंवा १२ पडले तर हरलात. ही तीन दानं म्हणजे ‘क्रॅप्स’. हा खेळ इंग्लंडमधल्या ‘हॅझर्ड’ नावाच्या जुन्या फाशांच्या खेळातून न्यू ऑर्लिन्समार्गे अमेरिकेत रुजला. हॅझर्डमध्ये सगळ्यात खालच्या दानाला ‘क्रॅब्ज’ म्हणत, आणि ‘क्रॅप्स’ हे नाव त्यावरूनच आलं असं मानतात.

उरलेल्यांपैकी, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १० पडले तर तो आकडा ‘पॉइंट’ होतो. डीलर पक पांढरा करून त्या आकड्यावर ठेवतो. आता दोनच गोष्टी पाहायच्या : ७ च्या आधी पॉइंट पुन्हा पडला तर जिंकलात, पॉइंटच्या आधी ७ पडला तर हरलात. हे हरणं म्हणजे ‘सेव्हन आउट’, आणि त्यापाठोपाठची ‘लाइन अवे’ ही हाक म्हणजे पास लाइनवरच्या चिप्स उचलण्याची डीलरला सूचना. कम-आउटला पडलेला ७ आणि पॉइंटनंतर पडलेला ७ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला लोक टाळ्या वाजवतात, दुसऱ्याला सगळं टेबल गप्प होतं.

पास लाइनवर ४९५ पैकी २४४ वेळा जिंकण्याची सरासरी आहे. हाउस एज १.४१ टक्के, म्हणजे १५ डॉलरच्या एका डावामागे साधारण २१ सेंट.

दोन बारकावे. पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरचे पैसे परत घेता येत नाहीत, कमीही करता येत नाहीत. कारण कम-आउटला तुमची बाजू वरचढ होती आणि पॉइंट ठरल्यावर ती कॅसिनोची होते. मधूनच निघू दिलं तर त्यांचं कसं चालणार? दुसरं, जिंकल्यावर चिप्स तिथेच राहू दिल्या तर त्या पुढच्या फेरीचा डाव ठरतात. शेजाऱ्याशी बोलण्याच्या नादात ३० डॉलर पुन्हा लागलेले असतात.

पायरी ३ : ऑड्स

पॉइंट ठरला की पास लाइनवरच्या चिप्सच्या मागे, तुमच्या बाजूला, आणखी चिप्स ठेवता येतात. हे ‘ऑड्स’. कापडावर याची चौकट नसते, म्हणून नवख्याला ते दिसतच नाहीत. यात हाउस एज शून्य असतो. खऱ्या शक्यतेइतकाच भाव मिळतो : ४ आणि १० ला २ ला १ (म्हणजे १ लावला तर २ मिळतात), ५ आणि ९ ला ३ ला २, ६ आणि ८ ला ६ ला ५.

किती लावता येतात ते पाटीवर असतं. ‘३-४-५ टाइम्स’ म्हणजे ४ किंवा १० वर मूळ डावाच्या तिप्पट, ५ किंवा ९ वर चौपट, ६ किंवा ८ वर पाचपट. १५ डॉलरमागे ४५, ६० किंवा ७५. पूर्ण ऑड्स लावले तर तिन्ही बाबतींत जिंकल्यावर ऑड्सचे ९० डॉलरच मिळतात. डीलरला हिशोब सोपा जावा, म्हणून ही रचना आहे.

रक्कम भाव नीट बसेल अशीच ठेवा. ५ किंवा ९ वर सम आकडा, ६ किंवा ८ वर पाचच्या पटीत. ९ वर १५ चे ऑड्स लावले तर साडेबावीस व्हायला हवेत, पण टेबलावर सुटे सेंट नसतात आणि वरचा अर्धा डॉलर बुडतो. आणि ऑड्स केव्हाही उचलता येतात, पास लाइनसारखे अडकत नाहीत.

नवखा असाल तर पहिला तासभर पास लाइन आणि एकपट ऑड्स एवढंच खेळा. इथे एक शब्दही बोलावा लागत नाही आणि कान तयार होतात. ऑड्स फुकट आहेत म्हणून मात्र खिशाबाहेर लावू नका. हाउस एज शून्य असला तरी ७ पडल्यावर ते ९० मिळवून देणारे ७५ डॉलर जातातच.

पायरी ४ : ‘डोन्ट’ आणि ‘कम’

‘डोन्ट पास’ म्हणजे उलट बाजू. कम-आउटला २ किंवा ३ पडले की जिंकलात, ७ किंवा ११ ला हरलात, १२ ला बरोबरी. कापडावर ‘बार १२’ छापलेलं असतं ते हेच. पॉइंटनंतर ७ आधी आला की तुम्ही जिंकता. हाउस एज १.३६, पास लाइनहून किंचित कमी. असं खेळण्याला ‘राँग वे’ किंवा ‘डार्क साइड’ म्हणतात. नियमात काहीच गैर नाही, पण सगळं टेबल हरतं तेव्हा तुम्ही जिंकता, तेव्हा आनंद मनातच ठेवा.

‘कम’ हा फेरीच्या मधोमध लावायचा पास लाइनसारखा डाव. ‘कम’ लिहिलेल्या मोठ्या चौकटीत चिप्स ठेवा. पुढची फेक ही तुमच्यापुरती कम-आउट : ७-११ ला जीत, २-३-१२ ला हार. दुसरा आकडा पडला तर डीलर तुमच्या चिप्स त्या आकड्याच्या चौकटीत नेऊन ठेवतो, आणि त्या चौकटीतही नेमक्या तुमच्या उभं राहण्याच्या जागेप्रमाणे. म्हणून खेळ चालू असताना कठड्याजवळची जागा बदलू नका. डीलर चिप्स कुणाच्या ते जागेवरूनच ओळखतो.

कमचा आकडा पुन्हा पडला की डीलर मूळ चिप्स आणि जिंकलेल्या चिप्स ‘कम’ चौकटीत आणून ठेवतो. लगेच उचला. नाही उचलल्या तर पुढच्या फेकीला तो सगळा ढीग नवा कम डाव होतो. नवख्यांचे पैसे नकळत जाण्याचं हे फार नेहमीचं कारण.

पायरी ५ : ‘प्लेस’, इथून बोलावं लागतं

४, ५, ६, ८, ९, १० यांपैकी हवा तो आकडा थेट निवडणं म्हणजे ‘प्लेस’. ७ च्या आधी तो आकडा पडला की पैसे. या चिप्स स्वतः ठेवायच्या नाहीत. कापडावर तुमच्या डीलरसमोर ठेवून सांगायचं.

भाव असे : ६ आणि ८ ला ७ ला ६ (हाउस एज १.५२), ५ आणि ९ ला ७ ला ५ (४ टक्के), ४ आणि १० ला ९ ला ५ (६.६७). म्हणजे ६ आणि ८ सोडून प्लेसकडे जाण्यात फारसा अर्थ नाही.

६ आणि ८ नेहमी सहाच्या पटीत लावा. १५ च्या टेबलावर १८. जिंकलात तर २१. पाटीवर १५ आहे म्हणून १५ च लावले तर १२ वर १४ आणि उरलेल्या ३ वर फक्त ३ मिळतात. तीन डॉलर जास्त लावून चार डॉलर जास्त मिळत होते, ते सोडले. म्हणायचं वाक्य असं : “एटीन ईच, सिक्स अँड एट”.

आता ऑर्डरचे शब्द. हे नीट पाठ हवेत.

‘इनसाइड’ म्हणजे ५, ६, ८, ९. ‘अक्रॉस’ म्हणजे सहाही आकडे. रक्कम आधी आणि शब्द नंतर : १५ च्या टेबलावर “सिक्स्टी-सिक्स इनसाइड” (१५, १८, १८, १५) किंवा “नाइन्टी-सिक्स अक्रॉस”. पाच डॉलरचं टेबल सापडलं तर हेच २२ आणि ३२. पास लाइनवर पैसे असतील तर पॉइंटचा आकडा सहसा वगळतात आणि तेवढी रक्कम कमी धरतात.

‘प्रेस’ म्हणजे जिंकलेल्या पैशांनी तोच डाव दुप्पट करा. ६ वर १८ होते, २१ जिंकलात, “प्रेस इट” म्हणालात : डाव ३६ चा होतो आणि हातात ३ डॉलर येतात. ‘सेम बेट’ म्हणजे डाव आहे तसा राहू द्या, जिंकलेले मला द्या. काहीच बोलला नाहीत तरी सहसा असंच होतं.

‘टेक मी डाउन’ किंवा नुसतं ‘डाउन’ म्हणजे चिप्स काढून परत द्या. ‘ऑफ’ म्हणजे चिप्स तिथेच, पण सध्या डाव लागू नाही. डीलर त्यावर छोटी ‘ऑफ’ची टिकली ठेवतो. हे दोन शब्द उलटसुलट झाले की वाद होतात. चिप्स परत हव्या होत्या आणि तोंडातून “ऑफ” गेलं, मग माणूस चिप्सची वाट पाहत राहतो.

‘वर्किंग’ म्हणजे डाव लागू आहे. कम-आउटच्या फेकीला प्लेसचे डाव आणि कमवरचे ऑड्स आपोआप ‘ऑफ’ असतात. कमचा मूळ डाव मात्र चालू राहतो, म्हणून कम-आउटला ७ पडला की तो जातो. ‘हार्डवे’चा (हा डाव पायरी ६ मध्ये येतो) नियम कॅसिनोगणिक वेगळा. विचारून घ्या : “आर हार्डवेज वर्किंग?”

‘बाय’ म्हणजे खऱ्या भावाने ४ किंवा १० घेणं, त्यावर पाच टक्के दलाली. या दलालीला ‘व्हिग’ किंवा ‘ज्यूस’ म्हणतात. २५ डॉलरवर ती सहसा १ डॉलर. ४ पडला तर ५० वजा १, म्हणजे ४९. प्लेसने ४५ च मिळाले असते. व्हिग आधीच घेतात की जिंकल्यावरच, एवढं विचारा. जिंकल्यावर घेणारं टेबल बरंच स्वस्त.

‘फील्ड’ हा एका फेकीचा, स्वतः ठेवायचा डाव : २, ३, ४, ९, १०, ११, १२ ला जीत. सात आकडे दिसतात म्हणून मोह होतो, पण जास्त वेळा पडणारे ५, ६, ७, ८ नेमके वगळलेले आहेत. २ आणि १२ ला दुप्पट असेल तर हाउस एज ५.५६, १२ ला तिप्पट असेल तर २.७८.

पायरी ६ : मधला भाग, जिथे सगळी मजेदार नावं आहेत

स्टिकमनसमोरच्या चौकटींतले डाव म्हणजे ‘प्रॉप्स’. चिप कापडावर मध्याकडे अलगद सरकवायची किंवा टाकायची आणि ओरडून सांगायचं. बरेचसे एका फेकीत संपतात.

‘यो’ म्हणजे ११. ‘इलेव्हन’ आणि ‘सेव्हन’ गोंगाटात सारखे ऐकू येतात, म्हणून ११ ला ‘यो-लेव्हन’ म्हणायची पद्धत पडली. तुम्हीही ११ ला यो च म्हणा. भाव १५ ला १, खरी शक्यता १७ ला १, हाउस एज ११.११ टक्के. ‘एनी सेव्हन’ला ‘बिग रेड’ म्हणतात. भाव ४ ला १, हाउस एज १६.६७. पाच डॉलर लावले की सरासरी ८३ सेंट गेले, तेही एकाच फेकीत. टेबलावरचा सगळ्यात वाईट डाव हा. ‘एनी क्रॅप्स’ला ७ ला १, हाउस एज ११.११. नुसत्या २ किंवा नुसत्या १२ ला ३० ला १, हाउस एज १३.८९.

‘हार्ड’ म्हणजे जोडीने पडलेलं सम दान. ३-३ हा ‘हार्ड सिक्स’. ४-२ किंवा ५-१ हा ‘ईझी सिक्स’. हार्डवेचा डाव ७ किंवा ईझी आकडा पडेपर्यंत टिकतो. हार्ड ६ आणि ८ ला ९ ला १ (९.०९ टक्के), हार्ड ४ आणि १० ला ७ ला १ (११.११).

‘हॉर्न’ म्हणजे २, ३, ११, १२ असे चार डाव एकत्र, म्हणून रक्कम चारच्या पटीत. ४ डॉलरच्या हॉर्नवर ११ पडला तर १५ मिळतात, बाकीचे ३ जातात, निव्वळ १२. ‘हॉर्न हाय यो’ म्हणजे पाचवा डॉलर ११ वर. ‘वर्ल्ड’ म्हणजे हॉर्न अधिक एनी सेव्हन. ‘सी अँड ई’ म्हणजे एनी क्रॅप्स आणि ११, निम्मे-निम्मे. ‘हॉप’ म्हणजे नेमकी जोडी सांगणं : “फाइव्ह-फोर ऑन द हॉप”.

कापडावरच्या भावात एक बारीक शब्द वाचा. ‘१५ टू १’ म्हणजे १५ मिळतात आणि तुमचा १ परत. ‘१५ फॉर १’ म्हणजे तुमचा १ धरून १५, म्हणजे खरे १४ च. ‘टू’ आणि ‘फॉर’ एवढाच फरक, आणि यो वरचा हाउस एज ११.११ वरून १६.६७ वर जातो.

स्टिकमनच्या हाका

या फक्त ऐकायच्या. सारीपाटात बारा आणि एक पडले की आपल्याकडे ‘पौबारा’ झालं, तसंच इथेही प्रत्येक दानाला नाव आहे.

२ ला ‘स्नेक आइज’ किंवा ‘एसेस’. १-१ चे दोन ठिपके सापाच्या डोळ्यांसारखे दिसतात. ३ ला ‘एस-ड्यूस’. ४ ला ‘लिटल जो’. २-२ असेल तर ‘बॅलेरिना’, कारण ‘टू-टू’ म्हणजे बॅले नर्तकीचा घेरदार झगा. ५ ला ‘फीव्हर फाइव्ह’ किंवा ‘नो फील्ड फाइव्ह’, कारण ५ फील्डमध्ये नाही. ८ ला ‘एटर फ्रॉम डिकेटर’, ४-४ असेल तर ‘स्क्वेअर पेअर’. ९ ला ‘सेंटर फील्ड’, कारण फील्डच्या सात आकड्यांत तो बरोब्बर मधला. ‘नायना फ्रॉम पॅसाडीना’ हेही ९ च. ५-५ ला ‘पपी पॉज’, कुत्र्याच्या पिल्लाच्या पंजाच्या ठशांसारखे ते ठिपके. १२ ला ‘बॉक्सकार्स’, म्हणजे मालगाडीचे डबे, किंवा ‘मिडनाइट’.

‘डाइस आर आउट, हँड्स अप’ ही हाक मात्र तुमच्यासाठी आहे. लगेच हात कठड्याच्या बाहेर घ्या. फासे एखाद्या हाताला लागले आणि नंतर ७ पडला तर सगळं टेबल त्या हाताकडे पाहतं. याच वेळी ओरडून लावलेला डाव ‘नो बेट’ म्हणून नाकारला जातो. आणि ७ हा आकडा मोठ्याने उच्चारू नका. अंधश्रद्धा असेल, पण बाकीच्यांचे पैसे कापडावर आहेत, त्यांचा मान ठेवा.

पायरी ७ : तुमच्याकडे फासे आले तर

फासे टेबलाभोवती घड्याळाच्या दिशेने फिरतात. नको असतील तर “पास” म्हणा, कुणी काही म्हणत नाही. हवे असतील तर आधी पास लाइनवर किंवा डोन्ट पासवर डाव हवा. स्टिकमन सहसा पाच फासे सरकवतो, दोन निवडा. फासे पारदर्शक, धारदार कडांचे, बाजू सुमारे १९ मिलिमीटर. ठिपके खोदून पुन्हा सपाट भरलेले असतात, म्हणजे वजन एका बाजूला जात नाही.

एकाच हाताने उचला. दोन्ही हातांत घेतले, हात कठड्याबाहेर नेला किंवा मूठ नजरेआड झाली तर थांबवतील, कारण फासे बदलल्याचा संशय. समोरच्या टोकाची भिंत बारीक रबरी सुळक्यांची असते. दोन्ही फासे तिला लागून परत यायला हवेत. फार उंच फेकू नका. फासा टेबलाबाहेर गेला तर ‘नो रोल’. तेच फासे हवे असतील तर “सेम डाइस” म्हणा, तपासून परत देतात. चिप्सच्या ढिगाला टेकून तिरपा राहिलेला फासा मात्र मोजला जातो.

पॉइंट जिंकलात तरी फासे तुमच्याकडेच राहतात. सेव्हन आउट झालं की पुढच्याकडे. तोवरच्या सगळ्या फेकी मिळून एक ‘हँड’. फार वेळ टिकलेल्या शूटरला ‘गोल्डन आर्म’ म्हणतात. हे नाव डाउनटाउन लास वेगासच्या कॅलिफोर्निया हॉटेलशी कायमचं जोडलं गेलं, जिथे १९८९ मध्ये स्टॅनली फुजिटाके यांनी ३ तास ६ मिनिटं फासे सोडले नाहीत.

सराव घरी करायचा तर लुडोचे दोन फासे आणि कागदावर आखलेली पास लाइन पुरते. शंभर फेकी लिहून काढा. भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्या ॲपच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ८ : निघताना

डीलरचं बरंचसं उत्पन्न टिपांवर चालतं. टिपेला ‘टोक’ म्हणतात. नुसती चिप देण्यापेक्षा त्यांच्या नावाने डाव लावणं त्यांना आवडतं : तुमच्या पास लाइनच्या शेजारी चिप ठेवून “फॉर द डीलर्स”. मधल्या डावात “टू-वे यो” म्हणालात तर एक डॉलर तुमचा, एक त्यांचा.

निघण्याआधी आकड्यांवरचे प्लेस आणि ऑड्स “डाउन” करून घ्या. पास लाइन आणि कमचे मूळ डाव निकाल लागेपर्यंत सुटत नाहीत, म्हणून निघायचं ठरलं की नवा कम लावू नका. मग दोन फेकींच्या मध्ये सगळ्या चिप्स कापडावर ठेवून “कलर अप, प्लीज” म्हणा. डीलर लहान चिप्सच्या बदल्यात मोठ्या देतो, आणि बॉक्समनला “कलर कमिंग इन” अशी वर्दी देतो. फासे परत निघण्याआधी ढीग मोजून व्हायला हवा, म्हणून पक ‘ऑफ’ झाल्यावरची वेळ उत्तम. टेबलावर नोटा परत मिळत नाहीत. त्या ‘केज’च्या, म्हणजे रोखपालाच्या, खिडकीवर मिळतात, आणि त्या चिप्स त्याच कॅसिनोत वटवलेल्या बऱ्या.